राजाचा जावई

अल मनखूल, दुबई
शुक्रवार, १४ एप्रिल २०००

चि. अस्मितास,
आशीर्वाद.

इरा सुखरूप पोचली. विमान वेळेवर होतं. एअर होस्टेसने माझ्या तीन सह्या घेतल्या, पासपोर्ट बघितला आणि मग पोर ताब्यात दिली. सिमेंटच्या ट्रकसाठीसुद्धा मी एवढ्या सह्या करत नाही. तिच्या गळ्यात प्लास्टिकची पिशवी होती, त्यात तिकीट आणि तुझी यादी. यादी तुझ्या आईच्या नावाने होती, तरी मी वाचली. दूध कोमट, डोक्याला तेल रविवारी, वांगं देऊ नये. माझ्यासाठी एखादी ओळ असेल म्हणून कागदाची मागची बाजूही पाहिली. नव्हती. असो.

तीन वर्षांत मी तुला पत्र लिहिलं नाही, तूही मला लिहिलं नाहीस. फोन मी उचलला की तू "आईला द्या" एवढंच म्हणतेस आणि मी रिसीव्हर सविताच्या हातात देऊन बाल्कनीत जातो. पत्राला "आईला द्या" म्हणता येत नाही, म्हणून हे पत्र. फाडलंस तर फाड, पण निदान वाचून फाड.

इराचं सांगतो. इथून गेली तेव्हा पाच वर्षांची होती आणि मला ग्रँडपा म्हणायची. आता विमानतळाबाहेर पाय टाकला आणि म्हणते, "आजोबा, लई उकडतंय की वो हितं!" तुझी आई तिथेच पदर तोंडाला लावून हसायला लागली. बिल्डिंगमधली मुलं सगळी इंग्रजीत बोलतात, त्यांना ही सातारी तोफ कळतच नाही. पहिल्या दिवशी रडवेली झाली. दुसऱ्या दिवशी खाली जाऊन तिने त्या सगळ्यांना विटी-दांडू शिकवला. वॉचमनच्या खोलीची एक काच गेली. मी भरून दिली आणि वरून तिचीच पाठ थोपटली. तुझ्या वेळी मी असा नव्हतो, हे तू म्हणणार. म्हण.

दिवसातून दहा वेळा "आमचा बाबा असं करतो, आमचा बाबा तसं करतो" चालतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, चंद्रशेखरची आठवण काढतेय. मग लक्षात आलं की बाप गेला तेव्हा ही दोन वर्षांची होती, तिला काय आठवणार! "बाबा" म्हणजे संग्राम. बाबा पेन्सिलला सुरीने टोक काढतो. बाबा पोळीचा लाडू करतो. मी ऐकतो आणि पेपर वर धरतो.

तुझ्या पुस्तकांची खोकी आम्ही टाकली नाहीत. शाळेत शिकवायचीस तेव्हाची सगळी आहेत, तुझ्या जुन्या खोलीत, दोरीने बांधलेली. इराने आज दोरी सोडली.

राजाभाऊ

(बाबा लिहिणार होतो. पण तू बऱ्याच दिवसांत तशी हाक मारली नाहीस.)


शुक्रवार, २८ एप्रिल २०००

चि. अस्मितास,
आशीर्वाद.

पत्र पोचलं असेल. उत्तर नाही, ते मी धरूनच चाललो होतो. ऑफिसच्या पोस्ट बॉक्सची किल्ली मात्र या आठवड्यात रफिककडे न देता मीच घेऊन गेलो. रफिक म्हणजे आपला पीआरओ, तुला आठवत असेल, सरकारी कचेऱ्यांतली सगळी धावपळ तोच करतो. तो माझ्याकडे असा बघत राहिला जसं काही मी त्याची नोकरीच काढून घेतली.

तर ते पुस्तक. खोक्यातलं सगळ्यात जाड, निळ्या पुठ्ठ्याचं, इंग्लंडच्या जुन्या राजकन्यांचं. इराने चित्रं बघून पान काढलं आणि हुकूम सोडला, "ही सांगा." ती म्हणजे जोन, पहिल्या एडवर्ड राजाची मुलगी. इराला इंग्रजी वाचता येतं, पण एवढं अवघड नाही. मग मी वाचतो आणि मराठीत सांगतो. दुपारी जेवण झालं की कोर्टासारखी बैठक भरते.

अगं, तू ही गोष्ट मला कधी सांगितली का नाहीस? ही पोरगी जन्मली पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर, अक्का नावाच्या बंदरात. बाप तिकडे लढाईवर गेलेला. परत जाताना आईबापांनी तिला फ्रान्समध्ये आजीपाशी ठेवलं. सहा-सात वर्षांची होईपर्यंत तिने बापाला पाहिलंच नाही. आजीने लाडावली आणि मग ती बापाला कधी घाबरली नाही, असं पुस्तक म्हणतं. मी वाचता वाचता थांबलो. इरा म्हणाली, "काय झालं?" म्हटलं, चष्मा पुसतोय.

मी शहात्तर साली इकडे आलो तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. दोन वर्षं पेणला माझ्या आईपाशी होतीस. पहिल्या सुट्टीत मी आलो तर तू दाराआडून विचारलंस, "कोण पाहिजे?" मी तो किस्सा इथे पार्ट्यांमध्ये सांगून लोकांना हसवायचो. आता सांगणार नाही.

मग तिचं लग्न. अठरा वर्षांची जोन आणि नवरा गिल्बर्ट, शेहेचाळीस वर्षांचा, मोठा सरदार. राजाला तो आपल्या बाजूला हवा होता. इराने बोटं मोजली आणि ओरडली, "म्हातारा की!" मी म्हटलं, त्या काळी पद्धत होती. तर म्हणते, "आईच्या काळी पण होती?" तिला कोणी सांगितलं? तू सांगितलं असशील, नाहीतर फोटो बघून तिने स्वतः ताडलं असेल.

चंद्रशेखर तुझ्याहून चौदा वर्षांनी मोठा होता. माझा पार्टनर होता, चांगला माणूस होता, हे तूही नाकारणार नाहीस. पण तुला विचारलं नव्हतं. तुला सांगितलं होतं. बावीस वर्षांची होतीस आणि बी.एड.चा फॉर्म भरलेला होता.

राजाची बाजू मात्र पुस्तकात कोणी घेत नाही. एवढं राज्य सांभाळायचं, त्यात डझनावर पोरं, त्यांची लग्नं. मी इराला म्हटलं, राजालाही काही अडचणी असतील. ती म्हणाली, "असतील की. पण गोष्ट तिची हाय."

राजाभाऊ


शुक्रवार, ५ मे २०००

चि. अस्मितास,

आज मी जरा चिडलेला आहे, हे आधीच सांगतो.

गिल्बर्ट मेला. जोन तेवीस-चोवीस वर्षांची, पदरी चार मुलं. बापाने तिच्यासाठी दुसरं स्थळ बघितलं, सॅव्हॉयचा सरदार, भारदस्त माणूस. तारीखही ठरवली. आणि ही बया काय करते? आधीच्या नवऱ्याच्या पदरी नोकरीला असलेला एक साधा शिलेदार, राल्फ नावाचा, त्याच्याशी गुपचूप लग्न करून मोकळी! जानेवारी १२९७. त्या ओळीखाली पेन्सिलची रेघ आहे आणि बाजूला तुझं अक्षर: "हिने विचारलं नाही."

तू साताऱ्याला रजिस्टर लग्न केलंस ते जानेवारी १९९७. मावसबहिणीच्या लग्नाला जाते म्हणालीस. मीच तिकीट काढून दिलं. परत आलीस, दीड महिना माझ्यासमोर बसून जेवलीस आणि बोलली नाहीस. तेवढ्यात मी शारजाच्या त्या मसालेवाल्या गृहस्थांना शब्द दिला. हॉलला ॲडव्हान्स दिला. तुझी आई साड्या घेऊन आली, त्या पलंगावर मांडल्या, तेव्हा तू म्हणालीस, "बाबा, माझं लग्न झालंय." साड्यांच्या ढिगापुढे उभी राहून! आणि कोणाशी? तर माझ्याच ऑफिसात कोपऱ्यातल्या टेबलावर नकाशे काढणाऱ्या माणसाशी, ज्याला मी रोज "अरे संग्राम, चहा सांग" म्हणत होतो. बिल्डिंगमध्ये, मंडळात, गणपतीच्या कमिटीत, कुठे तोंड दाखवू, असं झालं मला. ते तू कधी समजून घेतलंस?

बरं, राजा चिडला. त्याने मुलीची जहागीर जप्त केली आणि राल्फला ब्रिस्टलच्या किल्ल्यात डांबलं. इरा विचारते, "त्यानं काय चोरलं हुतं?" काही नाही, म्हटलं. "मग?" मग काय, राजा होता तो.

तुझ्या मनात आता काय आलं असेल ते मला कळतं. म्हणून एकदा लिहूनच टाकतो. संग्रामच्या बाबतीत जे झालं ती कंपनीची पद्धत होती. कामावरचा माणूस बेपत्ता झाला की स्पॉन्सरने, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाने, पोलिसांना कळवायचं असतं, पेपरात फोटोसकट नोटीस द्यायची असते. नाही दिली तर स्पॉन्सरच अडकतो. कागद रफिकने तयार केले. मी सही केली. एवढंच.

इरा चिकटवही करतेय. रंगीत कागदाचा राजा केला, त्याला माझ्यासारखा चष्मा लावला. जोनला तुझा फोटो लावला. आता राल्फसाठी चित्र शोधतेय.

राजाभाऊ


शुक्रवार, १२ मे २०००

चि. सौ. अस्मितास,
अनेक आशीर्वाद.

"सौ." दिसली का? आधीच्या तीन पत्रांत ती नव्हती. तुझ्या नजरेतून ते सुटलं असेल असं मी मुळीच समजत नाही. तीन वर्षं मी तुझ्या नावामागे ते अक्षर लावलं नाही, लग्नपत्रिकांच्या पाकिटांवरसुद्धा नाही. आज लावतोय. का, ते सांगतो, आणि कृपा करून पूर्ण वाच.

रविवारी मी साइटवर होतो. इराला राल्फसाठी फोटो हवा होता. तिने माझ्या टेबलाचा सगळ्यात खालचा खण उघडला. तिथे एका फाइलीत ते कात्रण होतं, संग्रामचा फोटो असलेलं. अरबी पेपरातलं. तिला अरबी येत नाही. फोटो ओळखला आणि आनंदाने नाचायलाच लागली. मी घरी आलो तर दारातच, "आजोबा, बाबाचा फोटो पेपरात आलाय! बाबाला प्राइज मिळालं हुतं?"

मी हो म्हणालो.

काय करू? तोंडातून गेलं. तिने विचारलं कसलं प्राइज, तर म्हटलं चांगलं काम केल्याचं. तिने ते कात्रण चिकटवहीत राल्फच्या जागी लावलं, भोवती सोनेरी टिकल्या चिकटवल्या आणि वही घेऊन समोरच्या कुबराकडे गेली. कुबरा तुला माहीतच आहे, शाळेत अरबी शिकवते, मूळची श्रीवर्धनची. इराला वाटलं, कुबराआपा वाचून दाखवेल आणि मग साताऱ्याला जाऊन ती मैत्रिणींना सगळं सांगेल.

कुबराने वाचलं. पोरीला म्हणाली, "तुझ्या बाबाचं नाव किती छान छापलंय बघ." मग तिला सरबत दिलं, टीव्ही लावून दिला आणि आमच्याकडे आली. तिने मला एकच विचारलं. "राजाभाऊ, यात लिहिलंय हा माणूस पळून गेला, ठावठिकाणा नाही, याच्याशी कोणी व्यवहार करू नये. तारीख अकरा मार्च आहे. पण त्या आठवड्यात तर तो अजमानच्या साइटवर होता. माझे मियाँ रोज त्याला गाडीतून सोडायचे. मग तुम्हाला ठावठिकाणा नव्हता म्हणजे काय?"

तुझी आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातात कणीक होती.

अस्मिता, ती पद्धत नव्हती. कागद रफिकने केले नाहीत. मी स्वतः सांगितले, शब्द न् शब्द. तू साड्यांपुढे उभी राहून ते वाक्य बोललीस, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी संग्रामला केबिनमध्ये बोलावलं. तो उभा राहिला, हात मागे, म्हणाला, "साहेब, माझी चूक आहे, आधी तुमच्याशी बोलायला हवं होतं." मी त्याला शिव्या दिल्या नाहीत. मी म्हटलं, अजमानच्या साइटवर आठ दिवस जा, तिथल्या ड्रॉइंगमध्ये गोंधळ आहे. त्याला वाटलं, साहेब शांत व्हायला वेळ मागतायत. तो गेला. आणि मग मीच कळवलं की माझा माणूस फरार आहे. त्याचा पासपोर्ट माझ्याच खणात होता, सगळ्या कामगारांचे असतात तसा. तो कुठे पळणार होता?

पोलिसांनी त्याला स्लॅबवरून नेलं. डोक्याला हेल्मेट होतं, हातात मी पाठवलेलं ड्रॉइंग होतं. तो म्हणत होता, माझ्या साहेबांना फोन करा, त्यांना माहीत आहे मी इथे आहे. त्यांनी फोन केला. मी उचलला आणि म्हटलं, मला माहीत नाही.

अकरा दिवस तो आत होता. नंतर देशाबाहेर पाठवला, पुन्हा येता येणार नाही असा शिक्का मारून. तू मला विचारलंस, बाबा, हे तुम्ही केलंत का? मी म्हटलं, ऑफिसने केलं. तू फ्रिजवर किल्ली ठेवलीस आणि इराला घेऊन गेलीस. मला वाटायचं, तुला सगळं कळलंय. पण फोनचं तुला माहीत नसणार, कारण संग्रामलाही ते माहीत नाही. तो अजून समजत असेल की निरोप माझ्यापर्यंत पोचलाच नाही.

तुझी आई त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. भांडत असती तर बरं झालं असतं. ताट वाढते, पाणी ठेवते, निघून जाते.

मी चुकलो असं लिहिणं फार सोपं आहे, गं. मी चुकलो नाही. चूक नकळत होते. मी ते समजून उमजून केलं, चहा पिऊन केलं.

तुझा
बाबा


शुक्रवार, २६ मे २०००

चि. सौ. अस्मितास,
अनेक आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही, पण फोन आला होता. मी उचलला. तू "आईला द्या" म्हणाली नाहीस. लाइनचा नुसता खरखराट येत होता, मग मीच म्हटलं, "आईला देतो." पत्र मिळालं असावं.

सविता बोलायला लागली, पण कशी ते ऐक. मागच्या शुक्रवारी जोनची गोष्ट शेवटाला आली. तिने राजाला गाठण्याआधी काय केलं माहीत आहे? तुला माहीतच आहे, रेघ तुझीच आहे. तिने आधी आपल्या लहान मुलांना आजोबांकडे पाठवलं, म्हणजे त्यांना बघून म्हातारा विरघळेल. मी वाचता वाचता इराकडे बघितलं. ती पोळीचा लाडू खात होती. पुढे लिहिलंय, मग ती स्वतः बापापुढे उभी राहिली आणि म्हणाली, मोठ्या सरदाराने गरीब बाईशी लग्न केलं तर कोणी नावं ठेवत नाही, मग मी एका लायक तरुणाला वर आणलं तर काय बिघडलं? आणि तेव्हा तिला दिवस गेलेले होते, ते दिसतही होतं.

मी पुस्तक मिटलं. समोर सविता जुनं मऊ पातळ फाडून काहीतरी शिवत बसली होती. महिनाभर शिवतेय, मी विचारलं की म्हणायची, खालच्या पर्णिकासाठी. पर्णिकाचा मुलगा कॉलेजात आहे! मी म्हटलं, "ही झबली कोणाची?" तिने दोरा दाताने तोडला आणि बारा दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "जुलैच्या शेवटी आहे तिचं. बाळंतपणाला लेक माहेरी येते. पण ज्या देशात तिच्या नवऱ्याला येऊ देत नाहीत तिथे ती येणार नाही म्हणते, आणि बरोबर म्हणते. तेव्हा माहेरच साताऱ्याला जातंय. माझं तिकीट काढा."

"आणि मी?" मी विचारलं.

"तुम्ही कोण म्हणून येणार, ते तुम्ही ठरवा."

इरा म्हणाली, "आजोबांना ठाऊक नव्हतं व्हय?" म्हणजे आठ वर्षांच्या पोरीला गुपित राखता येतं.

पुढचं पान मी एकट्यानेच वाचलं. राजाने शेवटी राल्फला सोडलं, जहागीर परत दिली, जावई म्हणून मान दिला. दहा वर्षं बरी गेली. मग जोन वारली, पस्तिसाव्या वर्षी. कशाने ते कोणाला नक्की ठाऊक नाही. राजाने ठिकठिकाणच्या बिशपांना पत्रं धाडली की तिच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा. अडीच महिन्यांत तोही गेला. तू तिथे रेघ मारलेली नाहीस. मी तुझी बत्तीस आणि वर तीन अशी बेरीज करत बसलो. मला तुझ्यासाठी कोणाला पत्रं पाठवायची नाहीत. मला तुला बघायचंय. तू तिखट खातेस की नाही, पायाला सूज आहे का, हे मला बघायचंय.

सोमवारी रफिकला घेऊन कचेरीत गेलो. मी केलेली तक्रार खोटी होती, माणूस माझ्याच कामावर होता आणि मला ते माहीत होतं, असं लिहून दिलं. रफिक घामाघूम. "साब, ऐसा मत लिखो. लिखो मिस्टेक हो गया. झूठा रिपोर्ट बोलोगे तो कंपनी पे आएगा, आप पे आएगा." मी म्हटलं, "रफिक, मिस्टेक नहीं था." त्याने कपाळावर हात मारला, पण शिक्का मीच मारायला लावला. आता जे व्हायचं ते होईल. काउंटरवरच्या अधिकाऱ्याने कागद दोनदा वाचला. मग म्हणाला, नाव यादीतून काढायला वेळ लागेल, इन्शाल्ला होईल.

तिथून पेपरच्या ऑफिसात. म्हटलं, हाच फोटो, एवढाच मोठा, याच पानावर छापायचा आहे. तिथला माणूस म्हणतो, "सर, या पानावर फरार, नाव बदलणे आणि पासपोर्ट हरवणे, एवढंच असतं. तुमचं कशात बसतं?" म्हटलं, फरारमध्येच छाप. अरबी मजकूर कुबराने करून दिला, इंग्रजी मी. "या फोटोखाली पूर्वी छापलेलं खोटं होतं. हा माणूस पळाला नव्हता, तो कामावर होता. तो माझा जावई आहे." खाली माझं नाव.

काल छापून आलं. इंग्रजी मुद्दाम सोपं ठेवलं होतं. इराने बोट ठेवून एकेक शब्द वाचला. मग विचारलं, "म्हंजी बाबाला प्राइज मिळालंच नव्हतं?" मी तिला समोर बसवलं आणि म्हटलं, नाही. आजोबा खोटं बोलले. आणि जुना कागद कसला होता तेही सांगितलं, तिला कळेल तेवढं. ती उठून आत गेली. दिवसभर माझ्याजवळ आली नाही. संध्याकाळी आली, चिकटवही उघडली, जुनं कात्रण तसंच ठेवलं, शेजारी नवं चिकटवलं. टिकल्या उरल्या नव्हत्या.

मंडळात आता सगळ्यांनी वाचलंय. तीन जणांचे फोन आले, दोघांनी नमस्कार टाळला. टाळू देत.

इरा शनिवारी, तीन तारखेला निघेल. तिच्या गळ्यातल्या पिशवीत एक पाकीट असेल. ते तुझ्यासाठी नाही. तू उघडू नकोस.

तुझा
बाबा


अल मनखूल, दुबई
शुक्रवार, २ जून २०००

श्री. संग्रामराव यांस,
स. न. वि. वि.

तीन वर्षं ऑफिसात तुम्हाला "अरे" म्हणत आलो. जावयाला असं बोलत नाहीत, म्हणून "राव" लावलंय. संकोच वाटला तरी राहू द्या, मलाही लिहिताना वाटलाच.

अस्मिताने माझी पत्रं तुम्हाला दाखवली की नाही, मला माहीत नाही. दाखवली नसतील तर हे माझ्याकडून ऐका. अजमानहून पोलिसांनी तुमच्या सांगण्यावरून मला फोन केला होता. तो मीच घेतला. मला माहीत नाही असं मीच म्हणालो. तुम्ही त्या माणसांना सांगत होता की साहेबांना कळलं की ते येतील. साहेबांना कळलं होतं. साहेब आले नाहीत.

माफी मागत नाही. मागितली की समोरच्याला ती देण्याची पंचाईत होते, आणि तुमच्यासारखा माणूस देऊन टाकेल. इरा म्हणते तुम्ही माझ्याबद्दल घरात कधी वाईट बोलला नाहीत. उलट आजोबा मोठे इंजिनियर आहेत, त्यांच्या हाताखाली मी शिकलो, असं सांगितलंत. हे ऐकून मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडलो. साठी उलटलेला माणूस आहे, कोणाला सांगू नका.

सविता एकोणीस जूनला तिकडे येतेय. मलाही यायचं आहे. लेकीच्या बाळंतपणाला बाप काय कामाचा, हे मला कळतं. पाणी तापवीन, इराला शाळेत सोडीन, नाहीतर अंगणात बसून राहीन. पण घर तुमचं आहे. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक माणसाला मी पंचवीस वर्षं कागद मागत आलो, तेव्हा मी बिनकागदाचा येणं बरोबर दिसणार नाही. म्हणून रीतसर अर्ज करतोय: तुमच्या घरी दोन महिने राहण्याची परवानगी मिळावी. नाही म्हणालात तरी मी सविताला सोडायला मुंबईपर्यंत येईन आणि तिथूनच परत फिरेन. त्यावर काही बोलणार नाही.

हो म्हणालात तर आल्या आल्या माझा पासपोर्ट तुमच्या हातात देईन. तुमच्या टेबलाला खण असेलच, त्यात ठेवा. परत कधी द्यायचा ते तुम्ही ठरवा.

सोबत पासपोर्टची प्रत आणि एक फोटो जोडला आहे.

आपला,
राजाभाऊ